पानातली घंटा, खात्यातले कर्ज

नाशिक जिल्ह्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्ज अधिकारी होतो, त्या गोष्टीला आता तीस वर्षे होऊन गेली. फळछाटणीनंतरच्या दिवसांत कर्जदारांच्या बागांना भेटी देणे हा नोकरीचा भाग होता. कागदावर त्याला ‘तपासणी भेट’ म्हणत. प्रत्यक्षात ती शिकवणी असे, आणि विद्यार्थी मी असे. अशाच एका सकाळी, दव अजून उतरले नव्हते तेव्हा, एका बागाईतदाराने वेलीचे एक पान तोडून उजेडासमोर धरले. पानावर तेलाचा थेंब सांडावा तसा पिवळट डाग होता. पान उलटे केले, तर त्याच जागी पांढरी, कापसासारखी लव.

“डाऊनी,” तो म्हणाला.

“काल रात्रीत आली?” मी विचारले.

तो हसला. “साहेब, आज दिसली. आत शिरून आठवडा झाला असेल. तुमच्याकडे हप्ता थकला की खाते बिघडले म्हणता ना, तसेच आहे हे. खाते त्याच्या आधीच बिघडलेले असते.”

बँकेच्या कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मला याहून नेमके वाक्य ऐकायला मिळाले नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मात्र मनात राहून गेला. त्या आठवडाभरात पानाला काही कळत होते की नाही? शत्रू घरात शिरला आणि घरधन्याला पत्ताच नाही, असे खरोखर होते का?

आज हा प्रश्न पुन्हा काढण्याचे कारण २०२५ सालच्या पावसाने दिले. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाला सुरुवात झाली आणि २५ मे रोजी मान्सून महाराष्ट्रात दाखल झाला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीमध्ये पुढच्या हंगामाचा घड आकार घेत असतो. त्याला या दिवसांत ऊन लागते. ते ऊन ढगांनी खाल्ले. पुढे सप्टेंबरात सोलापूर आणि मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि फळछाटणीचे दिवस ओल्या मातीत गेले. पाऊस, दमट हवा आणि तासन्‌तास ओली राहणारी पाने हे बुरशीचे माहेरच. २००९च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाच्या सुमारास असेच झाले होते. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातही झाले. आधी ज्याला ‘अवकाळी’ म्हणत होतो तो पाऊस आता नेमाने येऊ लागला आहे. अशा वेळी वेलीची स्वतःची संरक्षणव्यवस्था कशी चालते आणि ती आपल्या बागांत तोकडी का पडते, हा केवळ वनस्पतिशास्त्राचा प्रश्न राहत नाही. तो गावच्या सोसायटीचा, बँकेचा आणि आपल्या घरातल्या फळांच्या टोपलीचाही प्रश्न होतो.

पानाला कळते

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या संशोधनाने दिले आहे. पानाला कळते. काही मिनिटांत कळते.

वनस्पतीला आपल्यासारख्या रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशी आपल्या भिंतीत बंद असते, जागची हलू शकत नाही. म्हणून प्रत्येक पेशीला स्वतःच पहारेकरी व्हावे लागते. तिच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिने रोवलेली असतात. त्यांचे काम एकच, परक्या वस्तूचा तुकडा हाताला लागतो का ते पाहणे. द्राक्षावरच्या भुरीचे उदाहरण घेऊ. भुरी ही अस्सल बुरशी. तिच्या भिंतीत कायटिन नावाचा पदार्थ असतो. कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचात असतो तोच. वनस्पतीच्या शरीरात कायटिन नसते. तेव्हा कायटिनचा तुकडा सापडला, म्हणजे परका आला. वेलीची विकरे बुरशीच्या भिंतीचे बारीक तुकडे पाडतात आणि ते पृष्ठभागावरच्या या प्रथिनांना चिकटतात. भाताच्या पेशीवरचे असे एक कायटिन ओळखणारे प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली शोधून काढले. पुढे तशी प्रथिने इतर अनेक वनस्पतींत सापडली, द्राक्षवेलीतही.

तुकडा चिकटला की घंटा वाजते. पहिला निरोप कॅल्शियमचा. पेशीच्या आत कॅल्शियम अगदी थोडे ठेवलेले असते, बाहेर मात्र भरपूर. आवरणातली दारे उघडतात आणि कॅल्शियम आत धावते. त्यामागोमाग पेशीच्या वेशीवर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊ लागते. जखम धुताना ज्याचा पांढरा फेस येतो, तेच द्रव्य. ते शत्रूला भाजते, भिंत घट्ट करते आणि शेजारच्या पेशीला निरोपही देते. पेशीच्या आत एक प्रथिन दुसऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारते, दुसरे तिसऱ्यावर, आणि हा कागद पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचतो. आमच्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाईल जायला आठवडा लागे. इथे सगळे टप्पे काही मिनिटांत पार पडतात.

केंद्रकातून हुकूम सुटतो आणि शेकडो जनुके कामाला लागतात. जिथून शत्रू आत घुसू पाहतो तिथे पेशी आतून कॅलोज नावाच्या पदार्थाचा लिंपणगोळा बसवते. बुरशीची भिंत कुरतडणारी विकरे तयार होतात. आणि द्राक्षवेल आपले खास अस्त्र काढते, रेझव्हेराट्रॉल. लाल वाइन हृदयाला चांगली, अशी जी चर्चा मध्यंतरी वर्तमानपत्रांतून फार रंगली होती, ती याच द्रव्यावरून. वेलीने ते माणसाच्या हृदयासाठी बनवलेले नाही. १९७६ साली ब्रिटनमधल्या लँगकेक आणि प्राइस या संशोधकांनी दाखवून दिले, की द्राक्षाचे पान बुरशीचा हल्ला झाला की हे द्रव्य तयार करते.

इथपर्यंत वाचून वाटेल, की एवढा बंदोबस्त असताना वेल आजारी पडतेच कशी? कारण शत्रूही लाखो वर्षे हाच धंदा करत आला आहे. भुरी काय, डाऊनी काय, जिवंत पेशीत एक छोटे शोषक अंग खुपसून तिच्यावरच जगतात. या अंगातून त्या काही प्रथिने आत सोडतात. त्यांचे काम घंटेची दोरी कापणे. कुठे निरोप्याला अडवायचे, कुठे शिक्का पुसायचा, कुठे कागद गहाळ करायचा. बँकेत काम केलेल्याला हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या अफरातफरीत पहिला बळी नेहमी धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेचाच जातो.

त्यावर वनस्पतींनी दुसरी फळी उभारली, ती पेशीच्या आत. इथले पहारेकरी शत्रूला शोधत नाहीत. आपल्या घरात कोणी छेडछाड केली का, हे पाहतात. दोरी कापणारे प्रथिन यांच्या तावडीत सापडले की मग मवाळ उपाय नाहीत. त्यातल्या एका प्रकारच्या पहारेकऱ्याचे चित्र चिनी शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केले. पाच-पाच प्रथिने एकत्र येऊन चाकासारखी रचना करतात, आणि पुढे असे दिसून आले की हे चाक पेशीच्या आवरणात बसून कॅल्शियमचे नवे दारच उघडते. परिणाम असा, की हल्ला झालेली पेशी स्वतःला संपवते. जिवंत पेशीवर जगणारा शत्रू मेलेल्या पेशीत उपाशी मरतो. पानावर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका उरतो, एवढेच. अमेरिकेतल्या स्टॅकमन यांनी गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करताना १९१५ साली या प्रकाराला ‘अतिसंवेदनशीलता’ असे नाव दिले.

मरणारी पेशी गप्प मरत नाही. ती बाकीच्या झाडाला सावध करते. फ्रँक रॉस यांनी १९६१ साली तंबाखूच्या झाडावर विषाणूचा प्रयोग करून दाखवले, की खालच्या पानाने झुंज दिली तर वरची पाने पुढच्या हल्ल्याला अधिक समर्थपणे तोंड देतात. या निरोपात सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा असतो. १९७९ साली व्हाइट नावाच्या ब्रिटिश संशोधकाने तंबाखूच्या पानाला चक्क अॅस्पिरिन टोचले आणि त्याची रोगप्रतिकारकशक्ती वाढल्याचे पाहिले, कारण अॅस्पिरिन हे याच आम्लाचे भावंड. त्याचे आणखी एक उडते भावंड आपल्या प्रत्येक घरात आहे. कंबर धरली की चोळायच्या मलमाला जो झणझणीत वास येतो, तो मिथिल सॅलिसिलेटचा. विषाणूग्रस्त तंबाखू हेच द्रव्य हवेत सोडते आणि शेजारचे झाड सावध होते. आजीच्या खोलीतला तो वास हा वनस्पतींच्या जगातला एक निरोप आहे.

ओळख नसलेला शत्रू

मग नाशिकच्या त्या पानाला आठवडाभर काय झाले होते? घंटा वाजली नव्हती का?

वाजली होती, पण क्षीण. आणि याचे कारण दीडशे वर्षांपूर्वीच्या युरोपात आहे.

आपण खातो ते द्राक्ष मूळचे पश्चिम आशिया आणि युरोपकडचे. शास्त्रज्ञ त्याला व्हिटिस व्हिनिफेरा म्हणतात. भुरी आणि डाऊनी या दोघी मूळच्या उत्तर अमेरिकेतल्या. तिथल्या रानवेली आणि हे रोग एकत्र वाढले. शत्रूने दोरी कापायची नवी रीत काढली की वेलीने नवा पहारेकरी नेमायचा, असे युगानुयुगे चालले. युरोपच्या वेलीची या शत्रूंशी गाठच पडली नव्हती. १८४५ साली इंग्लंडमधल्या एका काचघरात भुरी प्रथम दिसली आणि पुढच्या काही वर्षांत तिने फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड केले. त्यानंतर मुळांवरच्या फायलोक्सेरा किडीने थैमान घातले. तिच्यावर उपाय म्हणून अमेरिकेतून चिवट वेली आणल्या, आणि त्यांच्याबरोबर डाऊनी आली. १८७८ साली ती फ्रान्समध्ये आढळली. एका रोगाचा उपाय दुसऱ्या रोगाचे वाहन ठरला.

शास्त्रदृष्ट्या एक खुलासा करायला हवा. बागाईतदार डाऊनीला बुरशी म्हणतो, औषधाच्या डब्यावरही तसेच छापतात. वास्तविक ती खरी बुरशी नव्हे, तिचे गोत्र शैवालांच्या जवळचे. तिच्या भिंतीत कायटिन जवळजवळ नसते. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात. पण तिच्याशी लढताना वेल वापरते ती घंटा आणि ती दुसरी फळी बरीचशी तीच.

फरक आहे तो ओळखीत. अमेरिकी रानवेलींच्या पेशीत डाऊनीची हातचलाखी ओळखणारे पहारेकरी आहेत. मस्काडिन नावाच्या रानद्राक्षात तर डाऊनीला ओळखणारे जनुक आणि भुरीला ओळखणारे जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेले आहेत. शास्त्रज्ञांनी ते २०१३ साली वेगळे काढून दाखवले. अशा वेलीत शत्रू आत शिरल्यावर फार लवकर पेशी स्वतःला संपवतात आणि प्रकरण तिथेच मिटते. युरोपच्या वेलीकडे शस्त्रे सगळी आहेत. रेझव्हेराट्रॉल आहे, कॅलोज आहे, सॅलिसिलिक आम्ल आहे. ते केव्हा उपसायचे हे सांगणारा माणूस तिच्याकडे नाही.

आता आपल्याकडे या. थॉम्पसन सीडलेस हे महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचे मूळ पीठ. तासगावकडे निवडलेले तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजच्या शेतकऱ्याने शोधलेले सोनाका, ही आपल्या बागाईतदारांच्या नजरेची कमाई. त्या नजरेला माझा नमस्कार आहे. पण ही सगळी एकाच कुळातली, व्हिनिफेराची. मणी लांब झाला, साल पातळ झाली, गोडी वाढली, पण पहारेकरी आला नाही. आणि गंमत पाहा. क्षारपड जमिनी आणि पाण्याची टंचाई म्हणून गेल्या काही दशकांत आपण ही वाणे डॉगरिज नावाच्या अमेरिकी जंगली खुंटावर भरू लागलो. म्हणजे आज महाराष्ट्रातल्या बहुतेक वेलींची मुळे अमेरिकेची आहेत आणि पाने युरोपची. जमिनीखाली आपण चिवटपणा पत्करला. जमिनीवर मात्र नाही.

जमिनीवर आपण फवारा घेतला. १८८५ साली बोर्दो विद्यापीठातल्या मिलार्डे यांनी मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण जगापुढे आणले. मेडोकच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून शेतकरी ते शिंपडत, आणि नेमक्या त्याच वेली निरोगी राहिलेल्या मिलार्डेंना दिसल्या. आपला बागाईतदार आजही ‘बोर्डो’ कालवतो. त्यानंतर मॅन्कोझेब आले, मेटॅलॅक्सिल आले, नवनवी औषधे आली. वेलीच्या पेशीत जो पहारेकरी नव्हता, त्याची भरपाई आपण पंपाने केली.

पहाऱ्याचा पगार

या पहाऱ्याचा पगार कोण देतो, हे मी अनेक वर्षे खातेवहीत पाहिले आहे. पीककर्जाचा दर जिल्हास्तरावरची तांत्रिक समिती ठरवते. एकरी खर्चाच्या त्या हिशेबात खते, मजुरी आणि औषधे धरलेली असतात. पाऊस लांबला की फवारण्या वाढतात, कर्ज मात्र तेवढेच. मग औषधाच्या दुकानातली उधारी सुरू होते, आणि ती बँकेच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. पानावरच्या डागासारखी ती उशिरा उमटते.

दुसरीकडे औषधांची धारही बोथट होते. एकाच ठिकाणी घाव घालणारे औषध वारंवार मारले की त्याला न जुमानणारी पिढी उरते. मेटॅलॅक्सिलचे युरोपात तेच झाले आणि पुढच्या अनेक औषधांचेही. अनेक ठिकाणी घाव घालणारे मॅन्कोझेब टिकून राहिले, तर युरोपीय संघाने २०२०च्या डिसेंबरात आरोग्याच्या कारणास्तव त्याच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. त्याच वर्षी भारत सरकारने बंदीसाठी सुचवलेल्या २७ कीडनाशकांच्या मसुद्यात मॅन्कोझेबचे नाव होते. अंतिम बंदीत ते आले नाही. निर्यात करणाऱ्याने अंशांची मर्यादा युरोपच्या काट्यावर मोजायची आणि पाऊस मात्र नाशिकचा झेलायचा, अशी ही कसरत आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशांवरून आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा अनेक घरांनी त्या कसरतीची किंमत मोजली. ते बुरशीनाशक नव्हते, पण परदेशी प्रयोगशाळेतला एक आकडा गावातले लग्न पुढे ढकलू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

मग कोणी म्हणेल, वेलीची घंटा कायमची वाजती ठेवा. तेही सोपे नाही. घंटा वाजते तेव्हा वाढ थांबते, कारण साखर आणि नत्र एकाच तिजोरीतून येतात. संरक्षणावर खर्च झाले ते मण्यांना मिळत नाही. ज्या रोपांत सॅलिसिलिक आम्ल सतत वाढलेले असते, ती खुजी राहतात. शिवाय शत्रू एकाच जातीचा नसतो. जिवंत पेशीवर जगणाऱ्या भुरीला पेशीचे मरण मारक, पण मेलेल्या पेशीवर जगणाऱ्या बोट्रायटिससारख्या बुरशीला ते मेजवानीचे ताट. म्हणून झाडाने घंटेबरोबर ती थांबवणारा हातही ठेवला आहे. वाढलेले सॅलिसिलिक आम्ल मोडीत काढणारे एक विकर आहे. त्याच्या जनुकाचे नाव डीएमआर ६. इटलीतल्या संशोधकांनी द्राक्षवेलीतले हे जनुक जनुक-संपादनाने निकामी केले. म्हणजे बाहेरचे काही घातले नाही, घंटा लवकर थांबवणारा हात तेवढा बांधला. अशा शार्डने वेलींची चाचणी-लागवड सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेरोनाजवळ झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अज्ञात लोकांनी त्या वेली रातोरात उद्ध्वस्त केल्या. या तंत्राविषयी शंका असू शकतात. त्या विचारायलाही हव्यात. पण वेल वाढूच दिली नाही, तर वाढ खुंटते की नाही, बोट्रायटिस वाढतो की नाही, या शंकांची उत्तरे कुणालाच मिळत नाहीत.

दुसरा मार्ग जुना, संकराचा. फ्रान्समध्ये बुके यांनी १९७०च्या दशकात मस्काडिनचे पहारेकरी युरोपच्या वेलीत आणायला सुरुवात केली. त्या परंपरेतून फ्लोरेआल, आर्ताबान, विदॉक आणि व्होल्टिस ही वाणे अधिकृत यादीत आली ती २०१८ साली. चार दशके गेली. त्यांत एकेका रोगाविरुद्ध दोन-दोन पहारेकरी ठेवलेले आहेत, कारण एकटा पहारेकरी फितवता येतो. ‘बियांका’ या संकरित द्राक्षातल्या एकट्या पहारेकऱ्याला चकवणारी डाऊनी युरोपात सापडल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. आणि ही वाणे घेतली म्हणून पंप अडगळीत टाकता येत नाही. फवारण्या खूप कमी होतात, पण अजिबात थांबवल्या तर आजवर दबून राहिलेले दुसरे रोग डोके वर काढतात.

आपल्याकडेही हे काम झालेले नाही असे नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी ‘कटावबा’ आणि ‘ब्यूटी सीडलेस’ यांच्या संकरातून एआरआय-५१६ हे वाण तयार केले. बुरशीजन्य रोगांना ते चांगले तोंड देते. पण ते मुख्यतः रसासाठी, जॅमसाठी आणि वाइनसाठी. ताटातले द्राक्ष म्हणून आपल्याला हवे असते बिनबियांचे, लांब, पातळ सालीचे, दाताखाली कुरकुरणारे. अमेरिकी रक्ताबरोबर बहुधा जाड साल येते आणि एक उग्र गंध येतो. तेव्हा फवाऱ्याच्या बिलात आपल्या जिभेचाही हिस्सा आहे, हे फळगाडीसमोर उभे राहणाऱ्या प्रत्येकाने मान्य करायला हवे.

तीन घड्याळे

एक कबुली देऊन थांबतो. ज्या बागाईतदाराने मला ते पान दाखवले, तो पुढच्या वर्षी शाखेत एक अर्ज घेऊन आला. बेंगळुरूकडे होते तसले काळे, बियांचे, चिवट द्राक्ष त्याला अर्ध्या एकरात लावून पाहायचे होते. फवारे निम्म्याहून कमी लागतात, रस विकता येईल, असे त्याचे म्हणणे. मी अर्ज नामंजूर केला. रसाच्या द्राक्षाला आमच्या तक्त्यात दर नव्हता, खरेदीदाराचा करार नव्हता, जवळपास प्रक्रिया करणारा कारखाना नव्हता. थॉम्पसनच्या एकरासाठी मात्र औषधांसकट पूर्ण कर्ज मी त्याच आठवड्यात मंजूर केले. नियमाप्रमाणे दोन्ही निर्णय बरोबर होते. आजही मला त्यातली चूक दाखवता येत नाही. २००९च्या हंगामानंतर त्याने बाग मोडली. अर्ध्या एकराने ती वाचली असती, असा माझा दावा नाही. एवढेच म्हणतो, की आमच्या व्यवस्थेत फवाऱ्याला कर्ज होते, पहारेकऱ्याला नव्हते.

ही एका शाखेची गोष्ट नाही. इथे तीन घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालली आहेत. पीककर्जाचे घड्याळ वर्षाचे. बागेचे बारा-पंधरा वर्षांचे. आणि वाण तयार होण्याचे तीस-चाळीस वर्षांचे. एकटा शेतकरी पहिल्या घड्याळावर जगतो, त्याला तिसऱ्या घड्याळाचा धोका पेलता येत नाही. हवामानावर आधारलेला फळपीक विमा पाऊस मोजून भरपाई देतो. ते आवश्यकच आहे. पण तो झालेल्या नुकसानीचा हिशेब आहे, नुकसान कमी करण्याचा नव्हे. अलीकडे स्वामित्वहक्काची परदेशी वाणे नाशिकच्या बागांत आली आहेत. ती घेणे ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावीत. परंतु दोन-चार एकरवाल्याला परवडेल असा पहारेकरी सार्वजनिक संशोधनातूनच येईल. मांजरीला १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आपल्या दारात आहे. त्याला सलग वीस वर्षांचा, मंत्री बदलला तरी न बदलणारा कार्यक्रम मिळाला पाहिजे. मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर केली. उद्या हे तंत्र द्राक्षात आले तर त्याच्या चाचण्या उघड्या डोळ्यांसमोर व्हाव्यात आणि वाणाचा हक्क कोणाकडे राहील हे आधीच ठरावे.

बँकेपुरते बोलायचे तर उपाय साधा आहे. प्रत्येक द्राक्षबागेच्या कर्जात चार ओळी प्रयोगाच्या धराव्यात, आणि त्या चार ओळींचा धोका शेतकऱ्यावर न टाकता सरकार, बँक आणि निर्यातदार यांनी वाटून घ्यावा. त्या ओळींत कुणाची पाने निरोगी राहिली, किती फवारे वाचले, माल कुणी कोणत्या भावाने घेतला, याची नोंद राहील. त्या नोंदींतूनच उद्याच्या तांत्रिक समितीला नव्या वाणाचा दर ठरवता येईल.

परवा त्या बागाईतदाराच्या नातवाचा फोन आला. आजोबांनी मोडलेल्या जमिनीत त्याने पुन्हा द्राक्ष लावले आहे, डॉगरिजवरच. पावसाने त्या हंगामात घड फारसे निघाले नाहीत. मी विचारले, “एखादी ओळ वेगळ्या वाणाची लावून पाहशील?” तो म्हणाला, “लावीन की काका. पण ती ओळ बसली तर हप्ता कोण भरणार?”

तीस वर्षांपूर्वी टेबलाच्या या बाजूला बसून मी हाच प्रश्न त्याच्या आजोबांना विचारला होता.